एव्हरेस्ट बेस कॅम्प, ऑक्टोबर : इंदूरच्या आठ जणांची तयारी आणि एका कार्यक्रमपत्रिकेबद्दल प्रश्न

पहाटफेरी | ९ मे

सर्वांना नमस्कार. राजेंद्रनगरमध्ये रोज पहाटे साडेपाचला फिरायला निघणाऱ्या आमच्या गटातील आठ जणांनी येत्या ऑक्टोबरात एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक करण्याचे ठरवले आहे. पाच स्त्रिया, तीन पुरुष. सर्वांत लहान सदस्य ४१ वर्षांचा, सर्वांत ज्येष्ठ काका ६३ वर्षांचे, आणि मी स्वतः ५४ वर्षांची, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. आम्ही रोज पाच-सहा किलोमीटर चालतो आणि दोन वर्षांपूर्वी पचमढीला जाऊन धूपगड पायी चढून आलो. आमचे भांडवल एवढेच.

एका ट्रेक कंपनीने पाठवलेल्या बारा दिवसांच्या कार्यक्रमात मुक्काम असे आहेत : फाकडिंग २६१० मीटर, नामचे बाजार ३४४० मीटर (दोन रात्री), तेंगबोचे ३८६०, दिंगबोचे ४४१०, लोबुचे ४९४० आणि गोरक्षेप ५१६४. गोरक्षेपला पोहोचल्यावर त्याच दिवशी ५३६४ मीटरवरील बेस कॅम्प पाहून परत गोरक्षेपला मुक्काम, आणि मग उतरणी. आठ जणांसाठी एक गाइड आणि चार हमाल मिळणार आहेत. दुसऱ्या एका कंपनीचा कार्यक्रम चौदा दिवसांचा आहे, पण तो माणशी अकरा हजार रुपयांनी महाग पडतो.

माझे प्रश्न तीन आहेत. इंदूरसारख्या सपाट गावात पाच महिन्यांत नेमकी कोणती तयारी करावी? बारा दिवसांचा कार्यक्रम पुरेसा आहे का? आणि आमच्या काकांना मधुमेह असून ते इन्सुलिन घेतात, त्यांनी यावे की नाही?

खडी_चढण | ९ मे

ताई, मी हा मार्ग दोनदा चाललो आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या तयारीचे फळ त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

कोणत्याही कंपनीचा कागद हातात आला की किंमत, जेवण आणि छायाचित्रे बाजूला ठेवून फक्त झोपण्याच्या जागांच्या उंचीचा रकाना वाचावा. पर्वतीय वैद्यकात सर्वमान्य असलेला नियम असा की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. दिवसा आपण किती वर चढून आलो याला तुलनेने कमी महत्त्व आहे. रात्र कोठे काढली, हे शरीर मोजत असते.

आता आपला कागद पाहा. फाकडिंगहून नामचेला एका दिवसात ८३० मीटरांची वाढ होते. मध्ये सोयीचा मुक्काम मोजकाच असल्यामुळे जवळजवळ सर्वच जण ती उडी घेतात, आणि म्हणून तर नामचेला दोन रात्री राहतात. इथपर्यंत तक्रार नाही. त्यानंतर मात्र तेंगबोचेला ४२०, दिंगबोचेला ५५०, लोबुचेला ५३० आणि गोरक्षेपला २२४ मीटर अशी सलग चार रात्री चढती भाजणी आहे. चार दिवसांत १७२४ मीटर आणि मध्ये विसावा शून्य. पाचशेच्या वरच्या दोन उड्या पाठोपाठ आहेत, आणि त्या नेमक्या ४००० मीटरच्या वर आहेत, जिथे चूक महागात पडते. चौदा दिवसांच्या कार्यक्रमात दिंगबोचेला दोन रात्री असणार, हे मी कागद न पाहताही सांगू शकतो. जास्तीचे अकरा हजार रुपये त्या रात्रीसाठीच आहेत.

मॅरेथॉनवेडा | १० मे

मी ताईंच्या गटातील ४१ वर्षांचा तो सदस्य आहे. माझी शंका प्रामाणिक आहे. मी दरवर्षी दोन अर्धमॅरेथॉन धावतो, माझी विश्रांतीच्या वेळची नाडी ५४ आहे. ज्यांची क्षमता चांगली आहे त्यांनीही विसाव्याचा जास्तीचा दिवस घेतलाच पाहिजे का? दिंगबोचेला दिवसभर बसून राहण्यापेक्षा एक दिवस आधी परत आलेले बरे, असे मला वाटते.

स्टेथोस्कोप | १० मे

मी येथेच फिजिशियन म्हणून काम करतो. आपल्या शंकेचे उत्तर थोडे कडू आहे : दमसास चांगला असणे आणि उंची सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धावणाऱ्याला उंचीचा आजार कमी होतो, असा अनुभव नाही. उलट तरुण व तंदुरुस्त माणूस वेगाने चढतो, डोके दुखू लागले तरी गटात मागे पडणे त्याला कमीपणाचे वाटते, आणि तो बोलत नाही.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण बेस कॅम्पवरही २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. येथील दाबाच्या तुलनेत बेस कॅम्पवरचा दाब निम्म्याच्या जरा वर असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच मानाने कमी येतो. शरीर प्रथम श्वास जलद व खोल करते. त्यामुळे कर्बवायू अधिक बाहेर पडून रक्त अल्कधर्मी होते, आणि मेंदू श्वास पुन्हा आवरता घेतो. मूत्रपिंडे काही दिवसांत बायकार्बोनेट हा अल्कधर्मी घटक बाहेर टाकून हा तोल सावरतात, मगच श्वसनाला मोकळीक मिळते. हे काम मूत्रपिंडांच्या गतीने चालते. ते आपल्या मांड्यांच्या ताकदीकडे पाहत नाही. विसाव्याचा दिवस या कामासाठी असतो.

शिवाय त्या दिवशी बसून राहायचे नसतेच. दिंगबोचेहून नागार्जुन टेकडीवर तीनशे-चारशे मीटर चढून, थोडा वेळ थांबून, झोपायला खाली परत यायचे असते.

नर्मदाकाठ | ११ मे

मी मंचावर क्वचितच लिहितो. १३ वर्षांपूर्वी मी नर्मदेची पायी परिक्रमा पूर्ण केली, तेव्हा माझ्यापाशी ना ऑक्सिमीटर होता, ना गोळ्यांचा डबा. हल्ली निघण्याआधीच माणसाला इतके घाबरवले जाते की चालण्याचा आनंद राहत नाही. या मार्गावर जाणारे बहुतेक जण डायमॉक्स नावाची गोळी घेतात असे ऐकतो. गोळीने लक्षणे झाकायची आणि वर चढत राहायचे, हे मला पटत नाही. आमचे अमरनाथला जाणारे लोक कापराची पुरचुंडी हुंगत जातात आणि सुखरूप येतात.

स्टेथोस्कोप | ११ मे

काका, परिक्रमेबद्दल पूर्ण आदर राखून लिहितो. अमरकंटक सुमारे १०५० मीटरवर आहे आणि नर्मदा तेथून समुद्राकडे उतरत जाते, म्हणजे परिक्रमेची परीक्षा चिकाटीची आणि पायांची असते. त्या परीक्षेत आपण उत्तीर्ण आहात आणि या गटाने आपल्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. हवेच्या दाबाचा प्रश्न मात्र त्या वाटेवर उद्भवत नाही.

कापराने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. रक्तातील प्राणवायू त्याने वाढत नाही. नेपाळमध्ये मिळणारे लसणाचे सूपही त्याच वर्गातले, पण ते निदान गरम असते व पोटात पाणी जाते, म्हणून जरूर प्यावे.

डायमॉक्स, म्हणजे अॅसिटाझोलामाइड, लक्षणे झाकत नाही, हा गैरसमज दूर व्हायला हवा. मी वर ज्या बायकार्बोनेटचा उल्लेख केला, ते मूत्रावाटे लवकर बाहेर टाकण्यास हे औषध मूत्रपिंडांना भाग पाडते. शरीर जे काम स्वतः करणार असते, तेच काहीसे आधी होते. प्रतिबंधासाठी प्रौढांना सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते आणि सोड्याच्या पेयांची चव बिघडते. सल्फा औषधांची तीव्र अॅलर्जी असलेल्यांनी किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते परस्पर घेऊ नये. ज्यांना घ्यायचे आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन दिवस इंदूरलाच घेऊन पाहावे, म्हणजे मुंग्या आल्यावर नामचेत घाबरगुंडी उडणार नाही. नीट आखलेल्या चौदा दिवसांच्या कार्यक्रमात प्रत्येकाने ते घेतलेच पाहिजे, असे मी म्हणणार नाही. मात्र बारा दिवसांचा कार्यक्रम गोळीच्या भरवशावर घेऊ नये. वेळेच्या जागी गोळी ठेवण्याला माझा आक्षेप आहे, आणि तिथे आपले नि माझे मत एकच आहे.

नर्मदाकाठ | ११ मे

डॉक्टरसाहेब, लक्षणे झाकण्याविषयी माझी समजूत चुकीची होती. कापूर मी तरीही जवळ ठेवीन.

माळव्यातली_सून | १४ मे

ताईंच्या पहिल्याच मजकुरातील एका वाक्यावर अजून कोणी बोट ठेवलेले नाही, म्हणून लिहिते. आठ जणांना एक गाइड.

मी मूळची पुण्याची. लग्नापूर्वी सह्याद्रीत दहा-बारा वर्षे फिरले, कळसूबाई किती वेळा चढले याची गणती नाही, आणि त्या बळावर तीन वर्षांपूर्वी सात जणांच्या गटाबरोबर याच मार्गावर गेले. आमच्याबरोबर एकच गाइड होता. लोबुचेला पहाटे एका सहप्रवाशाला उलट्या सुरू झाल्या आणि दोन पावले सरळ टाकणे त्याला जमेना. खाली नेणे हा एकच उपाय आहे हे गाइडला कळत होते. तो अनुभवी व सज्जन माणूस होता. परंतु तो त्याच्याबरोबर खाली गेला तर आम्ही सहा जण वर बिनगाइडचे, आणि न गेला तर आजारी माणूस एका अठरा वर्षांच्या हमालाच्या स्वाधीन. या विचारात दीड तास गेला. कंपनीला दूरध्वनी लागत नव्हता. शेवटी आम्ही सर्वच जण खाली उतरलो, फेरिचेच्या दवाखान्यात त्याच्यावर उपचार झाले आणि तो बरा झाला. आमच्यापैकी कोणीही बेस कॅम्प पाहिला नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटत नाही. राग आहे तो त्या दीड तासाचा. एक सहायक गाइड आणखी असता, तर तो दीड मिनिटाचा निर्णय होता.

म्हणून कंपनीला लेखी विचारा : एक जण आजारी पडला तर त्याच्याबरोबर कोण उतरेल, दुसरा पडला तर कोण, आणि हा निर्णय कोणाला न विचारता गाइड घेऊ शकतो का. नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरांना गाइड बंधनकारक केल्याचे जाहीर केले, त्यावर खुंबूच्या, म्हणजे एव्हरेस्टच्या परिसरातील, स्थानिक पालिकेची भूमिका वेगळी होती, वगैरे चर्चा आपण वाचाल. त्या वादाचा आपल्याला उपयोग नाही. गाइड असणे वेगळे आणि पुरेसे गाइड असणे वेगळे.

पहाटफेरी | १८ मे

माळव्यातली_सून, तुमचा अनुभव मी आमच्या गटात वाचून दाखवला तेव्हा बाकावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

दोन्ही कंपन्यांना हे तीन प्रश्न लेखी विचारले. पहिलीचे उत्तर आले की आजवर असा प्रसंग आलेला नाही आणि आमचा गाइड अत्यंत अनुभवी आहे. दुसरीने कळवले की चार ट्रेकरांमागे एक याप्रमाणे एक मुख्य व एक सहायक गाइड असतो, खाली उतरवण्याचा अंतिम निर्णय मुख्य गाइडचा असतो, तो ट्रेकरांना मान्य करावा लागतो आणि तशी सही निघण्यापूर्वी घेतली जाते. बैठक पाच मिनिटांत संपली. आम्ही दुसरी कंपनी निवडली. आमच्या मॅरेथॉनवाल्यानेही हात वर केला, हे नोंदवायला हवे.

आता पहिला प्रश्न उरतो : इंदुरात राहून तयारी कशी करावी?

खडी_चढण | १९ मे

इंदुरात उंचीची तयारी होऊ शकत नाही, हे एकदा मनाशी मान्य केले की बाकीचे सोपे होते. नाकावर बांधायच्या मुखवट्यांच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. त्यांनी हवेचा दाब बदलत नाही, फक्त श्वास घेणे अवघड होते. इंदुरात तयार होतात ते पाय, गुडघे, पाठ आणि सवयी, आणि त्यासाठी हे गाव वाटते तितके वाईट नाही.

सपाटीवरची पाच किलोमीटरांची पहाटफेरी तब्येतीला उत्तम, पण ट्रेकच्या दृष्टीने ती फक्त पाया आहे. नामचेहून तेंगबोचेच्या दिवसाचे उदाहरण घ्या. वाट आधी फुंकी थेंगाच्या पुलाकडे ३२५० मीटरपर्यंत उतरते आणि मग तेथून सलग ६०० मीटर चढते. इमारतीचा एक मजला तीन मीटरांचा धरला तर हे २०० मजले झाले. तुमच्या वसाहतीत सात मजल्यांची इमारत असेल तर जवळजवळ २९ फेऱ्या, आणि त्याही विरळ हवेत. पहिल्या आठवड्यात पाच फेऱ्यांपासून सुरुवात करा, लिफ्टने उतरू नका. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या लिटरच्या बाटल्या भरून वर जा. गुडघे कुरकुरत असतील तर वर पोहोचल्यावर गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घाला आणि रिकाम्या बाटल्यांनी उतरा. ही युक्ती मला एका वयस्क ट्रेकरने शिकवली आणि आमच्या गच्चीवरचा गुलाब त्या वर्षी फार फुलला. सप्टेंबरपर्यंत पिशवी सहा किलोंवर न्यावी. मोठे सामान हमालाकडे असले तरी पाणी, गरम कपडे, पावसाचा अंगरखा आणि औषधे यांचे एवढे वजन पाठीवर राहतेच.

उतरण्याचा सराव वेगळा करावा लागतो. चढताना दम लागतो, उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणत ताणत भार पेलावा लागतो. सवय नसलेला माणूस परतीच्या दोन दिवसांत पायऱ्या आडव्या उतरू लागतो.

दर रविवारी गावाबाहेर पडा. रालामंडलचा चढ घराजवळ आहे आणि वर होळकरांच्या शिकारगाहापर्यंत दोन-तीन वेळा चढ-उतर करता येते. महिन्यातून दोनदा महूच्या पुढचा जानापाव डोंगर करावा. चंबळेच्या उगमाचे स्थान म्हणून तो आपणा सर्वांना ठाऊक आहे. पायवाटेने चढा, गाडीरस्त्याने नव्हे. धूपगड १३५० मीटरांचा आहे, मध्य प्रदेशात याहून उंच काही नाही, तेव्हा त्यापलीकडची हौस येथे भागणार नाही. पण सप्टेंबरात लागोपाठ दोन-तीन दिवस रोज सहा तास चालण्यासाठी पचमढीला पुन्हा जा. एका दिवशी चांगले चालणे कोणालाही जमते; आदल्या दिवशीच्या थकव्यावर पुन्हा चालणे हा खरा ट्रेक आहे.

गतीविषयी एकच कसोटी लक्षात ठेवा : चढताना शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. वाक्य तुटले तर पाऊल लहान करा, थांबू नका. आपल्या गटाला हे जड जाणार नाही, कारण पहाटफेरीवाले चालण्याहून बोलण्यात पटाईत असतात.

स्टेथोस्कोप | २० मे

यात वैद्यकीय भाग जोडतो. आठही जणांनी जूनमध्येच रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि ईसीजी तपासून घ्यावे. पन्नाशीपुढच्यांनी ट्रेडमिल चाचणीबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे. स्त्रियांनी हिमोग्लोबिनकडे विशेष लक्ष द्यावे. ते कमी असेल तर कमतरता भरून काढायला दोन-तीन महिने लागतात आणि ऑक्टोबरात ते अचानक वाढवता येत नाही. रक्तदाब पहिल्या काही दिवसांत उंचीवर वाढतो, म्हणून गोळ्या चालू असणाऱ्यांनी त्या बंद करू नयेत.

कोरोनाकाळात घरोघरी आलेले ऑक्सिमीटर बरोबर घ्या, पण त्याचे गुलाम होऊ नका. थंडगार बोटावर ते चुकीचे आकडे दाखवते, आणि ४४०० मीटरवर ऐंशीच्या घरातला आकडा पाहून इंदूरच्या मापाने घाबरायचे नसते. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, गरगरणे व विलक्षण थकवा ही लक्षणे आकड्यापेक्षा महत्त्वाची. उंचीवर डोके दुखू लागले तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार समजावा, आणि लक्षणे असताना आणखी वर जाऊन झोपू नये. टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, माणूस असंबद्ध बोलत असेल, किंवा स्वस्थ बसूनही धाप लागत असेल, तर मेंदूला वा फुप्फुसांना सूज आल्याची शक्यता धरून त्याच क्षणी, रात्र असली तरी, खाली उतरवायचे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. डबाबंद प्राणवायूच्या ज्या लहान नळ्या विकल्या जातात त्या काही मिनिटांत संपतात. त्यांच्यामुळे उतरण्यास उशीर झाला तर त्या उपकारक नसून घातक ठरतात.

हिशेबनीस | २२ मे

पैशांची आणि कागदपत्रांची बाजू कोणी मांडत नाही, म्हणून मी मांडतो. नेपाळसाठी आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते; आधार कार्डावर विसंबून राहू नका.

इंदूरहून दिल्लीमार्गे काठमांडूला पोहोचणे सोपे, खरी अनिश्चितता पुढे आहे. ऑक्टोबरच्या गर्दीच्या हंगामात, ट्रेक जेथून सुरू होतो त्या लुक्लाची बरीच विमाने काठमांडूऐवजी रामेछापजवळच्या मंथलीहून सुटतात, आणि तेथे पहाटे पोहोचण्यासाठी काठमांडूहून मध्यरात्रीनंतर निघून चार-पाच तास गाडीत बसावे लागते. लुक्लाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब व चढाची आहे. ढग आले की उड्डाणे रद्द होतात. म्हणून परतीच्या काठमांडू-दिल्ली तिकिटापूर्वी दोन दिवस मोकळे ठेवा. त्या विमानात सामानाची मर्यादा हातातल्या पिशवीसह साधारण १५ किलो असते, हे शेव-चिवड्याची पाकिटे भरताना ध्यानात असू द्या.

विमा घेताना ६००० मीटरपर्यंतच्या ट्रेकिंगचा आणि हेलिकॉप्टरने सुटकेचा स्पष्ट उल्लेख आहे का, हे पाहा. साध्या प्रवास विम्यात तो बहुधा नसतो. २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत हेलिकॉप्टर सुटकेच्या फुगवलेल्या देयकांचे मोठे प्रकरण उघड झाले होते, त्यामुळे विमा कंपनीला आधी कळवल्याशिवाय हेलिकॉप्टर बोलावू नये, अशी अट हल्ली असते. तो क्रमांक आठही जणांच्या खिशात कागदावर लिहिलेला असावा.

पहाटफेरी | १७ ऑगस्ट

तीन महिन्यांचा अहवाल देते. आम्ही आता आठवड्यातून तीन दिवस २० फेऱ्या करतो. आमच्या इमारतीच्या रखवालदाराला पहिले काही दिवस लिफ्ट बिघडली आहे असे वाटत होते. जानापाव चार वेळा झाला. पावसात काळ्या मातीची वाट इतकी निसरडी होते की एकदा आम्ही अर्ध्यातून परतलो.

बूट सर्वांनी जूनमध्ये घेतले आणि ते बरेच झाले, कारण दोघींचे माप चुकले होते. दुकानात सकाळी पायात व्यवस्थित बसलेला बूट सहा तास चालल्यावर बोटांना लागतो. माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखे रालामंडलच्या उतारावर काळी पडली. मी आता अर्धे माप मोठा बूट घेऊन, जाड लोकरी मोजा घालून, उतरण्यापूर्वी घोट्याजवळची नाडी घट्ट बांधते.

कपड्यांबाबत एक शंका आहे. सर्वांनी जाड डाउन (पिसे भरलेले) जॅकेट विकत घ्यावे का? इंदूरच्या थंडीत त्याचा पुन्हा उपयोग होईल असे दिसत नाही.

माळव्यातली_सून | १७ ऑगस्ट

विकत घेऊ नका. डाउन जॅकेट आणि उणे तापमानाची स्लीपिंग बॅग काठमांडूच्या ठमेल भागात भाड्याने मिळते. फक्त चेन आणि शिवण तपासून घ्या. अंगालगतचे कपडे मात्र आपलेच हवेत, आणि ते सुती नकोत. सुती कपडा घाम धरून ठेवतो व थांबल्याबरोबर अंग गारठते. फोनची बॅटरी थंडीत उतरते, म्हणून रात्री ती स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. वरच्या गावांत चार्जिंग आणि गरम पाण्याचे वेगळे पैसे पडतात. आणखी एक : नामचेच्या वर मांस खालून पाठीवर वाहून आणलेले असते, तेव्हा आपले शाकाहारी सदस्य आपोआप सुरक्षित आहेत. डाळ-भात मागा, तो पुन्हा वाढतात.

स्टेथोस्कोप | २४ ऑगस्ट

ताईंनी काकांचे अहवाल मला दाखवले आणि काकांच्या संमतीने त्यातला सर्वांना उपयोगी भाग लिहितो. मधुमेह असला म्हणजे उंचीवर जाता येत नाही असे नाही. अडचणी निराळ्या आहेत. इन्सुलिन गोठले की निकामी होते, म्हणून ते दिवसा अंगालगत आणि रात्री अंथरुणात ठेवावे लागते. साखर मोजण्याचे यंत्र थंडीत चुकते. सहा तास चालणे आणि मंदावलेली भूक यांमुळे साखर अचानक उतरू शकते, आणि साखर उतरल्याची लक्षणे व उंचीच्या आजाराची लक्षणे इतकी सारखी दिसतात की गाइडच काय, डॉक्टरही गोंधळेल. त्यातून काकांच्या डोळ्यांच्या तपासणीत पडद्यावर मधुमेहाचे बदल आढळले आहेत. नेत्रतज्ज्ञांचे व माझे मत असे की त्यांनी ५००० मीटरवर जाऊ नये.

पहाटफेरी | २९ सप्टेंबर

आम्ही ६ ऑक्टोबरला निघत आहोत. या धाग्यामुळे बदललेल्या गोष्टी सांगते.

काका येत आहेत, पण नामचेपर्यंतच. हा निर्णय त्यांनीच घेतला. नामचेच्या विसाव्याच्या दिवशी वर ३८८० मीटरवरील एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत सर्वांबरोबर चालत जायचे, तेथून शिखर पाहायचे आणि दुसऱ्या दिवशी सहायक गाइडबरोबर उतरायला लागायचे, असा त्यांचा बेत आहे. खडी_चढण यांनी मला सांगितले की बेस कॅम्पवरून शिखर दिसतच नाही, त्यासाठी गोरक्षेपहून काला पत्थर चढावा लागतो. हे कळल्यापासून काका आम्हा सर्वांना चिडवत आहेत. त्यांच्याबरोबर गाइड गेल्यावर आम्ही सात जण एकाच गाइडवर राहू नये म्हणून कंपनीकडून आणखी एक सहायक घेतला आणि त्याचा खर्च आठांत वाटला. काकांनी तो एकट्याने द्यायचा हट्ट धरला होता, तो आम्ही मोडून काढला.

दिंगबोचेला दोन रात्री आहेतच, शिवाय एक राखीव दिवस ठेवला आहे. रोज संध्याकाळी जेवणापूर्वी प्रत्येकाने आपली लक्षणे दुसऱ्याला सांगायची, स्वतःची स्वतः नोंदवायची नाहीत, असे जोड्या लावून ठरले आहे. मॅरेथॉनवाल्याची जोडी मी मागून घेतली आहे.

चालण्याच्या काठ्या अजून घेतलेल्या नाहीत. त्या घ्याव्यात का?

नर्मदाकाठ | २९ सप्टेंबर

काठी हवीच. माझा परिक्रमेचा दंड घरी आहे, ३,००० किलोमीटरांहून अधिक चाललेला. हवा असल्यास उद्या पहाटे राजेंद्रनगरला आणून देतो.

खडी_चढण | ३० सप्टेंबर

नर्मदाकाठ काकांचा दंड लुक्लाच्या विमानात मावणार नाही, तेव्हा माणशी दोन घडीच्या काठ्या घ्या. त्याही ठमेलला भाड्याने मिळतात. चढताना कोपर काटकोनात येईल इतकी लांबी ठेवा आणि उतरताना प्रत्येक काठी पाच-सात सेंटिमीटरांनी वाढवा. फेऱ्यांच्या शेवटच्या आठवड्यात मात्र नर्मदाकाठ काकांचा दंड जरूर मागून घ्या, म्हणजे हाताला सवय होईल.

पहाटफेरी | ३० सप्टेंबर

दंड आज पहाटे पोहोचला. आमचे काका तो इतर कोणाला देत नाहीत.